पिऊन दाखवलेलं पाणी

आमच्या दुकानात बॅटऱ्या दुरुस्त होतात. दुकान सासऱ्यांचं, चालवतो मी. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. जावईबापू हे कौतुकाने म्हणतात असं ज्याला वाटत असेल त्याने एक दिवस आमच्या दुकानात बसून बघावं.

ही गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ही म्हणजे माझी बायको, मामांची एकुलती एक मुलगी. ती होती तेव्हा आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. "तुझ्या बाबांना सांग", "तुझ्या नवऱ्याला सांग". ती दोन्हीकडचं निम्मं स्वतःजवळ ठेवून उरलेलं पुढे पाठवायची. आता मध्ये कोणी नाही. सगळं जसंच्या तसं पोचतं.

मामा अ‍ॅसिड प्यायले त्याची गोष्ट सांगायची तर आधी त्यांची एक खोड सांगावी लागेल. बॅटरीत दोन गोष्टी घालतात, अ‍ॅसिड आणि डिस्टिल्ड वॉटर. दोन्ही दिसायला पाणीच. रंग नाही, वास नाही. म्हणून अ‍ॅसिडच्या कॅनला लाल झाकण आणि पाण्याच्या कॅनला पांढरं, हा दुकानातला नियम. नियम मामांनीच केलेला. आता एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की तुम्ही शुद्ध पाणी म्हणून नळाचंच घालता, की मामा उठायचे. पांढऱ्या झाकणाचा कॅन उचलायचे, पेलाभर पाणी ओतायचे, गटागटा प्यायचे आणि मिशा पुसून म्हणायचे, "मी पितो तेच तुझ्या बॅटरीला पाजतो." गिऱ्हाईक पैसे काढायचं. मी कितीदा सांगितलं की मामा, ते प्यायचं पाणी नाही, आणि नळाचं आहे की शुद्ध आहे हे प्यायल्याने कळतही नाही. त्यावर उत्तर ठरलेलं. "तुम्ही दुकान चालवा, जावईबापू. गिऱ्हाईक मी सांभाळतो."

त्या दिवशी सकाळी लाल झाकणाला चीर गेली. मामांनी काय केलं, तर एका रिकाम्या कॅनचं पांढरं झाकण काढून अ‍ॅसिडच्या कॅनला लावलं. मला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? "मला माहीत होतं ना." हे ते आजही म्हणतात. मी म्हणतो, "माहीत होतं तर प्यायलात कसं?" ते म्हणतात, "तुम्ही कॅन हलवला असणार." कॅन जिथे होता तिथेच होता. या वाक्यावर आमचं किती वेळा वाजलं असेल त्याला गणती नाही.

दुपारी एक टॅक्सीवाला आला. दुकानासमोर टॅक्सी लावली, बॅटरी काढून आणून काउंटरवर आदळली. "तुमच्याकडे पाणी भरून नेली आणि बसली. नळाचं पाणी घालता आणि पैसे शुद्ध पाण्याचे घेता."

मामा उठले. मी आतल्या बाजूला एका बॅटरीचे सेल तपासत होतो. मला फक्त पेला ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ असा एक आवाज, जो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाहेर आलो तर मामा काउंटर धरून वाकलेले, अर्धा घोट जमिनीवर, बाकीचा आत गेलेला. जमिनीवर पडलेलं पाहिलं आणि मला कळलं. फरशीवर बुडबुडे येत होते.

"ओकवा त्यांना! बोटं घाला घशात!" टॅक्सीवाला ओरडला.

मामांना बोलता येत नव्हतं. ते हाताने कपाटाकडे दाखवत होते. कपाटात सोड्याचा डबा. अ‍ॅसिड सांडलं की आम्ही त्यावर सोडा टाकतो, फस्स होतं आणि शांत होतं. मामांचं म्हणणं होतं की तेच पोटात करायचं. मी डबा काढला नाही, मी हॉस्पिटलला फोन लावला. मामा स्वतः कपाटापर्यंत गेले, डबा काढला आणि झाकण उघडायला लागले. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने मी डबा ओढतोय, म्हातारा सोडत नाही. अंगात ताकद किती, तर बैलाची.

फोनवरची बाई म्हणाली, "ओकवू नका. सोडा, दूध, काही देऊ नका. चूळ भरायला लावा, थुंकू द्या आणि लगेच घेऊन या."

"ते सोडा मागतायत," मी म्हणालो.

"मागू देत. देऊ नका."

डबा मी हिसकावला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना अ‍ॅसिड पाजलं होतं.

समोर टॅक्सी उभी. "चला, बसा," टॅक्सीवाला म्हणाला, आणि मग आम्ही दोघांनीही काउंटरकडे पाहिलं. टॅक्सीची बॅटरी काउंटरवर. शेल्फवरची एक भरलेली बॅटरी उचलून मी पळालो. मामांना मागच्या सीटवर बसवलं, हातात बादली दिली आणि बॉनेट उघडून बॅटरी बसवायला लागलो. पाना निसटत होता. तेवढ्यात कोणीतरी काच वाजवली. पाहतो तर मामा. बादलीत थुंकत, डोळ्यांतून पाणी गळत, बोटाने खुणा करत होते. आधी प्लस. प्लस आधी आवळा.

मी आधी प्लस आवळला.

हॉस्पिटलमध्ये पोटाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहिलं. मग मला बोलावून कागदावर पोट काढून दाखवलं. तोंड आणि अन्ननलिका थोडक्यात वाचली होती, कारण मामांनी नेहमीच्या सवयीने एका दमात गिळलं. पण ते जाऊन साचलं पोटाच्या खालच्या टोकाला, जिथून अन्न आतड्यात उतरतं त्या दाराशी. तिथलं आतलं अस्तर काळं पडून सुटलं होतं. ओकवलं असतं तर तेच परत वर येताना नळी जाळत आलं असतं. सोडा दिला असता तर पोटात गॅस आणि उष्णता होऊन भोक पडायची भीती होती.

हे मी मामांना सांगितलं. "सोडा दिला असता तर पोट फुटलं असतं."

त्यांनी पाटीवर लिहिलं, कारण घसा सुजला होता. "डॉक्टरला अ‍ॅसिडमधलं काय कळतं."

मग एक बाई आल्या, मनाच्या डॉक्टर. मामांच्या पलंगापाशी बसल्या. घरात अलीकडे मृत्यू झालाय का, झोप लागते का, असं विचारत विचारत त्यांनी विचारलं की हे मुद्दाम तर प्यायला नाहीत ना. मामांचा घसा त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. "मरायचंच असतं तर स्वतःच्या दुकानातला माल वाया घालवला असता का? समोर पूल आहे, फुकट."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. तो प्रश्न माझ्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच.

नाकातून बारीक नळी घालून ती पोटाच्या पुढे आतड्यात सोडली होती, त्यातून दुधासारखं काहीतरी थेंब थेंब जायचं. तोंडाने काही नाही. मामांनी नर्सचं डोकं खाल्लं, कारण दुसरं काही खायला नव्हतं. शेवटी नळी निघाली, पातळ खायला परवानगी मिळाली आणि आम्ही घरी आलो. मला वाटलं, सुटलो.

काही आठवडे बरे गेले. मग मामा जेवल्यावर पोट धरून बसायला लागले. मग उलट्या. उलटीत आदल्या दिवशी सकाळी खाल्लेला भात, जसाच्या तसा. परत पोटाचे डॉक्टर, परत कॅमेऱ्याची नळी. ते म्हणाले, जखम भरली, पण भरताना आकसली. पोटाचं खालचं दार पेन्सिलीच्या टोकाएवढं उरलंय. त्यात फुगा घालून फुगवू, रुंद करू.

फुगा घातला. थोडे दिवस बरं वाटलं, परत बंद. परत फुगा, परत बंद. दर वेळी मी दुकानाला कुलूप लावायचं, मामांना न्यायचं, बाहेर बाकावर बसायचं. दर वेळी डॉक्टर सांगायचे, पातळ खा, थोडं थोडं खा, सावकाश खा. आणि दर वेळी मामा घरी येऊन पावाचा तुकडा तोंडात टाकायचे. एकदा मी त्यांना दुकानाच्या मागे उकडलेलं अंडं खाताना पकडलं. त्या टॅक्सीवाल्याने आणून दिलं होतं! तो आता मामांचा दोस्त झाला होता, रोज चौकशीला यायचा. मी त्याला म्हणालो, "तुम्हाला काही कळतं का?" तो म्हणाला, "म्हातारं माणूस मागत होतं हो, नाही कसं म्हणायचं?"

"मामा," मी म्हणालो, "तुमच्यासाठी सूप करून ठेवलंय. गाळून. दोनदा गाळून."

"ते सूप आहे? मला वाटलं भांडी विसळलेलं पाणी आहे."

मामा वाळत चालले. सदरा खांद्यावरून उतरायला लागला, विजारीला नाडी ओवून आणली तरी ती घसरायला लागली. पोटाचे डॉक्टर म्हणाले, आता फुग्याने होणार नाही, सर्जनबाईंना दाखवा. आम्ही सर्जनबाईंकडे गेलो. वयाने लहान, चेहरा हसरा. फोटो पाहिले, रिपोर्ट पाहिले. म्हणाल्या, बंद झालेल्या दाराच्या नादी लागायचं नाही, पोटाच्या दुसऱ्या बाजूला नवं तोंड करून ते आतड्याला जोडायचं. अन्न तिकडून उतरेल. मग मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी करू नका आजोबा. साधं ऑपरेशन आहे."

मामा उठले. मीही उठलो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि दोघं सरळ बाहेर. मामांची फाइल बाईंच्या टेबलावरच राहिली.

हिचं ऑपरेशन साधं होतं. पित्ताशयातले खडे. "साधं आहे, परवा घरी," असं आम्हाला सांगितलं होतं, आणि ही जाताना मला म्हणाली होती की गॅसवर दूध आहे ते आठवणीने उतरवा. परवा आम्ही तिला घरी आणलं, पण ते आणणं वेगळं. नंतर आम्हाला पुष्कळ काही समजावून सांगितलं, रक्तात जंतू गेले वगैरे. कोणाची चूक नाही म्हणाले. नसेलही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात साधं हा शब्द मी वापरत नाही आणि मामाही वापरत नाहीत. असं कधी ठरवलं नव्हतं.

रस्त्यात मामा म्हणाले, "झालं. विषय संपला."

मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरी येऊन ते दोन चमचे सूप प्यायले आणि तासाभराने ते बादलीत परत आलं, तेव्हा विषय कसला संपतोय.

पुढचे दिवस मी त्यांच्या मागे लागलो. ते ऐकेनात. "घरी मरेन." मी म्हणालो, "मामा, यात माणूस पटकन मरत नाही. उपाशी मरतो." "मग उपाशी." "आणि मी समोर बसून बघायचं?" "नका बघू. दुकानात बसा." मी ताट आपटलं. तेही आपटणार होते, पण उचलायची ताकद नव्हती, नुसतं सरकवलं. त्याचा मला जास्त राग आला.

अ‍ॅसिड ते चुकून प्यायले, हे मी मानलं होतं. पण ऑपरेशन नको म्हणत होते ते चुकून नव्हतं. पुलाच्या त्या विनोदाची मला आता रोज आठवण यायची. हिच्या मागोमाग हेही निघाले तर मी भांडायचं कोणाशी?

एका सकाळी दुकान न उघडता मी एकटा सर्जनबाईंकडे गेलो. मामांची फाइल त्यांनी जपून ठेवली होती. म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी का उठलात? मी काही चुकीचं बोलले का?"

मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. मग म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही त्यांना साधं म्हणू नका. जे काय वाईट होऊ शकतं ते सगळं सांगा. घाबरवा म्हणत नाही. पण लपवू नका."

त्यांनी फाइल मिटली. "बहुतेक लोक मला उलटं सांगायला येतात," म्हणाल्या. "पेशंटला काही सांगू नका म्हणून."

"आमचा पेशंट वेगळा आहे."

मामांना न्यायला टॅक्सीवाला लागला, मी आणि तो दोघांनी उचलून. त्यांच्या तोंडाचा दांडपट्टा तर चालूच होता. सर्जनबाईंनी या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही. खुर्ची ओढून मामांच्या समोर बसल्या.

"आजोबा, ऑपरेशन मोठं आहे. तुमचं वय झालंय, अंगात मांस उरलेलं नाही. अशा अंगावर टाके धरत नाहीत. म्हणून आधी पोटावरून आतड्यात नळी घालून काही आठवडे त्यातून अन्न द्यावं लागेल. वजन वाढलं तरच मी हात लावीन. नाही वाढलं तर लावणार नाही. जोडलेली जागा गळू शकते. गळली तर परत उघडावं लागेल. जंतू होऊ शकतात. भूल उतरताना छातीला त्रास होऊ शकतो. माणूस दगावू शकतो."

मामा ऐकत होते. दुकानात नवी बॅटरी घेताना ऐकतात तसे, मान एका बाजूला करून.

"आणि नाही केलं तर?"

"नाही केलं तर जे चाललंय तेच चालेल. तुम्हाला माहीत आहे काय चाललंय."

"तुमच्या हातची किती माणसं गेली?"

मला वाटलं आता बाई उठतील. त्या उठल्या नाहीत. "गेली आहेत," म्हणाल्या. "मला ती सगळी आठवतात."

मामा माझ्याकडे वळले. "या बाई खरं बोलतात."

मग नर्सने संमतीचा कागद आणला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. जवळचे नातेवाईक म्हणून. तसाच कागद, तसंच पेन दोरीला बांधलेलं. मी पेन हातात घेतलं आणि माझं पुढे काही होईना. हिच्या वेळी मी झटकन सही केली होती, घाईत, दूध उतरवायला जायचं होतं म्हणून. मला अक्षरं दिसेनात.

मामांनी हात पुढे करून कागद ओढला. "इकडे दे. माझं पोट आहे, सही मी करतो." मग नर्सला नाही, मला म्हणाले, "एकदा तुझ्यावर टाकली. परत नाही टाकायची."

इतक्या वर्षांत त्यांनी मला तू म्हटलं नव्हतं. हिच्या सहीबद्दल तर एक अक्षर काढलं नव्हतं, आणि मी समजून चाललो होतो की मनात धरून बसलेत. त्यांनी सही केली. वेडीवाकडी, कागदाच्या बाहेर गेलेली. मग पेन परत देत म्हणाले, "या पेनात शाई भरा. तुमचं हॉस्पिटल एवढं मोठं."

नळी बसवली. त्यातून मी घरी अन्न द्यायला शिकलो, हळू सोडायचं, आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची, मामांना तिरकं बसवायचं. मामांनी पहिल्या दिवसापासून माझं काम नापास केलं. फार जोरात, फार सावकाश, फार गार. टॅक्सीवाल्याला मी दारातच सांगितलं की खिशातलं काढून ठेवा. त्याने काढून ठेवलं, गोळ्या आणि बिस्किटं. मामांचं वजन हळूहळू वाढलं. सर्जनबाई काट्याकडे पाहून मान हलवायच्या, अजून नाही. मामा काट्याशी भांडायचे. मग एकदा त्या म्हणाल्या, आता.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसलो. त्या बाकावर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. बसलो एवढंच. टॅक्सीवाला माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या गाडीच्या क्लचबद्दल बोलत राहिला, मी एक शब्द ऐकला नाही, पण तो थांबला असता तर मी त्याला मारलं असतं.

सर्जनबाई बाहेर आल्या. जोडणी चांगली झाली, म्हणाल्या. पुढचे काही दिवस नाजूक आहेत, लक्ष ठेवावं लागेल, पण आज तरी सगळं ठीक आहे. मी हात जोडले. त्या गेल्या.

मी खिशातून फोन काढला. काढला आणि तसाच उभा राहिलो. कोणाला सांगायचं? मामांना बरं आहे हे ऐकून जिला हुश्श वाटलं असतं असं माणूस एकच होतं. बाकी कोणाला काय त्याचं. फोन हातात धरून मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे, शेवटी टॅक्सीवाला म्हणाला, "अहो, बसा तरी."

मला आत सोडलं तेव्हा मामांचे डोळे अर्धे उघडे होते. नाकात नळी, हाताला सुई, पोटावर पट्टी. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "मामा, ऑपरेशन झालं. तुम्ही ठीक आहात."

ओठ हलले. मी आणखी वाकलो.

"मला काय सांगता," मामा म्हणाले. "मला माहीत आहे."

"मग कोणाला सांगू?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, नर्सने वळून पाहिलं. "कोण आहे दुसरं? तुम्हालाच सांगणार ना!"

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग त्यांची बोटं चादरीवर जराशी हलली, जवळ ये अशी.

"परत सांग," ते म्हणाले.

मी स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, जोडणी कशी झाली, बाई काय म्हणाल्या. मामांनी मध्येच दोन ठिकाणी माझी चूक काढली.